स्कॉटिश क्लॅन सोसायटीत नव्याने जाताना

लेकीने मॅक्लेन आडनावाच्या मुलाशी लग्न केलं. नातवाच्या दप्तरावर ‘मॅकग्रेगर’ लिहिलेलं आहे. किंवा तुम्ही स्वतःच ग्लासगोला, टोरांटोला, मेलबर्नला स्थायिक आहात आणि सासरची मंडळी एक दिवस सहज विचारतात, “यंदा क्लॅनच्या गॅदरिंगला येणार ना?” जायची हौस असते, पण धाकधूकही असते. तिथे आपण कोण म्हणून जायचं, काय घालायचं, काही भलतंच तर बोलून जाणार नाही? अशा नवख्यांसाठी हा लेख आहे.

आपल्याकडची कुलमंडळं आणि कुलवृत्तांत पाहिलेला माणूस क्लॅनकडेही त्याच नजरेने बघतो: एक मूळपुरुष, त्याची वंशावळ, त्यात नाव असलं तर आत, नसलं तर बाहेर. इथेच पहिला घोटाळा होतो. क्लॅन म्हणजे एका चीफला, म्हणजे प्रमुखाला, मानणाऱ्यांचा समूह. त्यात चीफचे भाऊबंद होते, तसे त्याच्या जमिनीवर राहणारे, त्याच्या आश्रयाला आलेले, त्याच्या बाजूने लढणारेही होते. त्यातल्या पुष्कळांनी पुढे चीफचंच आडनाव लावलं. म्हणजे एका आडनावाचे सगळे एका रक्ताचे, हे तेव्हाही खरं नव्हतं. आजही एडिनबऱ्यातलं लॉर्ड लायनचं कोर्ट, जे चीफपदाला मान्यता देतं आणि कुलचिन्हांचा कारभार पाहतं, ते असंच मानतं की एखाद्याने चीफबद्दल निष्ठा व्यक्त केली आणि चीफने ती नाकारली नाही, तर तो क्लॅनचा. सून, जावई, दत्तक मूल, आईकडून नातं असलेला, कोणीही. आत जायला पुरावा लागत नाही. ‘आम्ही अमक्या चीफचे वंशज’ म्हणायचं असेल तर मात्र लागतो, आणि तिथे भलेभले घसरतात.

आडनावापासून सुरुवात

घरातल्या स्कॉटिश बाजूची सगळी आडनावं एका कागदावर लिहा. फक्त बापाकडचं नको. आजी, पणजी, खापरपणजी यांची माहेरची आडनावंही लिहा, कारण तुमचा क्लॅन तिकडून निघण्याची शक्यता तितकीच असते.

स्पेलिंगच्या फार मागे लागू नका. इंग्रजीत ‘एम-ए-सी’ लिहिलं तर स्कॉटिश आणि ‘एम-सी’ लिहिलं तर आयरिश, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतील. ते चूक आहे. दोन्ही एकच, आणि जुन्या नोंदींत एकाच माणसाचं नाव तीन ठिकाणी तीन प्रकारे सापडतं. उच्चार मात्र विचारून घ्या, कारण लिहिलेलं वाचून चालत नाही: ‘मेन्झीस’ दिसतं त्याचा जुना उच्चार ‘मिंगिस’, ‘कोल्कहून’ दिसतं ते ‘कहून’, आणि ‘मॅक्लीन’ वाटतं ते ‘मक्लेन’.

आडनाव थेट क्लॅनचं नसलं तर ‘सेप्ट’ बघायचे. सेप्ट म्हणजे मोठ्या क्लॅनला जोडलेली छोटी घराणी किंवा आडनावं. प्रत्येक सोसायटी आपली सेप्टची यादी देते. एकच आडनाव तीन क्लॅनच्या यादीत असू शकतं. दुकानात लावलेल्या तक्त्यात बोट ठेवून ‘तुम्ही या क्लॅनचे’ असं जे सांगतात, ते विक्रीपुरतं ठीक आहे. तुमचे पूर्वज कोणत्या परगण्यातले, हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही. स्मिथ, टेलर, मिलर ही धंद्यावरून पडलेली आडनावं तर देशभर सगळीकडे आहेत.

मॅकग्रेगरांचं प्रकरण थोडं निराळं आहे आणि माहीत असावं असं आहे. 1603 साली राजा सहावा जेम्स याच्या राज्यात या नावावरच बंदी आली. मॅकग्रेगर म्हणवून घेणं हा गुन्हा ठरला. मधली काही वर्षं बंदी उठली, परत लादली गेली, आणि शेवटी 1774 मध्ये कायमची गेली. तोवर कित्येक घराण्यांनी दुसरी नावं धरली होती. प्रसिद्ध रॉब रॉय मॅकग्रेगरसुद्धा आईचं कॅम्बेल हे आडनाव वापरत असे. तेव्हा घरात ‘आम्ही मूळचे मॅकग्रेगर’ अशी कहाणी असेल आणि आडनाव भलतंच असेल, तर ती लगेच हसण्यावारी नेऊ नका. तिचा माग काढा.

दक्षिणेकडे, इंग्लंडच्या सीमेलगत, आर्मस्ट्राँग, एलियट, स्कॉट, कर अशी घराणी. तिथली माणसं क्लॅनपेक्षा ‘फॅमिली’ म्हणणं पसंत करतात. आर्मस्ट्राँगांना आज मान्यताप्राप्त चीफ नाही. असे क्लॅन बरेच आहेत, आणि त्यांच्याही सोसायट्या चालतात. आर्मस्ट्राँगांचं गाव लँगहोम. चंद्रावर जाऊन आलेला नील आर्मस्ट्राँग 1972 मध्ये तिथे गेला, तेव्हा गावाने त्याला मानाचं नागरिकत्व दिलं. त्याच गावावरच्या टेकडीवर एक उंच स्मारकस्तंभ आहे, तो सर जॉन माल्कमचा. दुसऱ्या बाजीरावाने 1818 मध्ये ज्याच्यापुढे शरणागती पत्करली आणि जो पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला, तोच हा माल्कम. लँगहोमला गेलात तर टेकडी चढून या.

कागदपत्रं

स्कॉटलंडच्या नोंदी शोधायला सरकारी संकेतस्थळ आहे, ‘स्कॉटलंड्सपीपल’. खातं फुकट उघडता येतं. बहुतेक कागदांची प्रतिमा पाहायला थोडे पैसे भरावे लागतात, आणि ते भरण्यासारखे आहेत. लोकांनी इंटरनेटवर टाकलेल्या तयार वंशावळी आयत्या उचलण्यापेक्षा एक मूळ दाखला केव्हाही बरा.

जन्म, लग्न आणि मृत्यूची सक्तीची सरकारी नोंदणी 1 जानेवारी 1855 पासून सुरू झाली. स्कॉटिश दाखल्यांची खासियत अशी की लग्नाच्या आणि मृत्यूच्या दाखल्यावरही दोन्ही आईबापांची नावं असतात, आणि आईचं माहेरचं आडनाव असतं. एक मृत्यूचा दाखला हाती लागला की पिढी ओलांडता येते. 1855 या पहिल्या वर्षाच्या दाखल्यांत तर इतका तपशील मागितला होता की पुढे तो कमी करावा लागला. त्या वर्षातलं कोणी तुमच्या घराण्यात सापडलं, तर नशीब समजा.

1855 च्या आधी चर्चच्या वह्या. सर्वांत जुनी 1553 ची आहे, पण हायलँड, म्हणजे उत्तरेकडचा डोंगराळ भाग, आणि बेटांवरच्या अनेक परगण्यांत वह्या फार उशिरा सुरू झाल्या आणि मधली पानंही गायब आहेत. दर दहा वर्षांची खानेसुमारी 1841 पासूनची पाहायला मिळते. गावाचं नाव, वय, धंदा आणि 1891 पासून गेलिक भाषा येते की नाही, हेही त्यात असतं.

नावं ठेवण्याची जुनी पद्धत शोधात कामाला येते. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं; पहिल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला बापाच्या आईचं. सगळ्यांनी पाळली असं नाही, पण चार भावंडांची नावं ओळीने लावली की आजोबांच्या नावाचा अंदाज बांधता येतो. याच पद्धतीमुळे एका खोऱ्यात एकाच वयाचे पाच डोनाल्ड मॅकडोनाल्ड भेटतात आणि डोकं धरून बसायची वेळ येते. अशा वेळी शेताचं किंवा वाडीचं नाव बघा. माणसं त्यावरूनच ओळखली जात.

परदेशात गेलेल्या घराण्यांनी सुरुवात तिकडच्या टोकाकडून करावी. 1773 मध्ये ‘हेक्टर’ जहाजातून नोव्हा स्कोशियातल्या पिक्टूला उतरलेले, किंवा 1848 पासून न्यूझीलंडमधल्या डनेडिनला वसलेले, यांचं मूळ गाव बऱ्याचदा स्कॉटलंडच्या कागदांपेक्षा तिकडच्या थडग्यावर किंवा घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर सापडतं.

डीएनए चाचणीचा मोह सगळ्यांना होतो. मोठ्या क्लॅनचे स्वतःचे डीएनए प्रकल्प आहेत. त्यांना सहसा वाय क्रोमोसोमची चाचणी हवी असते, आणि तो बापाकडून फक्त मुलाकडे जातो. तेव्हा लेकीची किंवा लेकीच्या मुलांची चाचणी त्यासाठी निरुपयोगी. तिच्या भावाची किंवा काकाची करावी लागते. आणि निकाल जुळला नाही तर घरात अवघड प्रश्न उभे राहतात. म्हणून आधी घरच्यांशी बोलून मगच पैसे भरा.

सोसायटी निवडणं आणि सभासद होणं

या सोसायट्या वाटतात तितक्या प्राचीन नाहीत. क्लॅन ग्रेगर सोसायटी 1822 ची, आणि ती जुन्यांतली. बाकी बऱ्याच एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी निघाल्या, जेव्हा हायलँडची माणसं ग्लासगोच्या कारखान्यांत आणि समुद्रापार पांगली होती. सुरुवातीचं काम अगदी रोकडं होतं: गावाकडच्या गरजूंना मदत, पोरांच्या शिक्षणाला पैसे, गेलिक टिकवणं.

एकाच क्लॅनच्या देशोदेशी वेगळ्या सोसायट्या असतात, कधी एकाच देशात दोन. अर्ज करण्याआधी एवढं विचारा: चीफची मान्यता आहे का, वार्षिक सभा होते का, हिशेब सभासदांना दाखवतात का, घराण्यांच्या नोंदी कोण सांभाळतं. वर्गणी सहसा माफक असते. बदल्यात एखादं नियतकालिक, वंशावळ पाहणाऱ्या जाणकाराची मदत आणि मेळाव्यांची बोलावणी मिळतात. अर्जात ‘क्लॅनशी नातं’ असा रकाना असतो. तिथे खरं तेच लिहा. ‘पत्नी मॅक्लाउड घराण्यातली’ किंवा ‘नातं अजून शोधतो आहे’ एवढं पुरतं. काही ठिकाणी पूर्ण सभासद आणि सहयोगी सभासद असे दोन वर्ग असतात. सहयोगीला मत नसतं, तंबूत चहा सारखाच मिळतो.

माझं मत विचाराल तर जिथे काम चालतं ती सोसायटी निवडा, जिचं बोधचिन्ह देखणं आहे ती नको. बघण्यासारखी उदाहरणं आहेत. मॅकफर्सनांनी न्यूटनमोरला क्लॅनचं संग्रहालय उभं केलं. मॅकडोनाल्डांचं स्काय बेटावरच्या आर्मडेलला आहे. मल बेटावरचा ड्युआर्टचा किल्ला पडीक झाला होता. तो 1911 मध्ये मॅक्लेनांच्या चीफने परत विकत घेऊन उभा केला, आणि आजही डागडुजीसाठी जगभरच्या मॅक्लेनांच्या खिशाला हात जातो. मॅक्लाउडांची ‘पार्लमेंट’ डनव्हेगनच्या किल्ल्यात साधारण दर चार वर्षांनी भरते. ती 1956 मध्ये सुरू केली डेम फ्लोरा मॅक्लाउड यांनी, त्या स्वतः चीफ होत्या. बाईने चीफ होण्यात तिकडे कोणालाच नवल वाटत नाही.

चिन्ह कोणतं वापरायचं

इथे चुका फार होतात. ‘तुमच्या आडनावाचं कोट ऑफ आर्म्स’ म्हणून रंगीत ढाल छापलेले मग आणि फळ्या विकतात, पण आडनावाला ढाल नसते. ढाल एकेका माणसाची असते, लॉर्ड लायनच्या 1672 पासूनच्या नोंदवहीत त्याच्या नावावर चढलेली. दुसऱ्याची ढाल आपली म्हणून वापरणं स्कॉटलंडमध्ये बेकायदा आहे, आणि लायनच्या कोर्टाला स्वतःचा सरकारी वकीलही आहे.

सभासदाने घालायचा तो बिल्ला: मधोमध चीफचं क्रेस्ट (ढालीच्या वर असतं ते चिन्ह), भोवती बक्कल लावलेला पट्टा, पट्ट्यावर ब्रीदवाक्य. पट्टा-बक्कल हीच चीफचा माणूस असल्याची खूण. हा बिल्ला टोपीवर बिनदिक्कत लावा, परवानगी लागत नाही. बिल्ल्यामागे गरुडाचं पीस मात्र खोचू नका. तीन पिसं चीफची, दोन उपप्रमुखाची आणि एक ज्याची स्वतःची ढाल नोंदलेली आहे त्याची.

आणखी एक: चौरस फूटभर जमीन विकत घ्या आणि ‘लेअर्ड’, म्हणजे जमीनदार, व्हा, अशा जाहिराती येतात. गंमत म्हणून भेट द्यायला हरकत नाही. त्याने पदवी मिळत नाही.

टार्टन आणि किल्ट

टार्टन म्हणजे रंगीत चौकड्यांचं कापड, आणि किल्ट म्हणजे त्याचा गुडघ्यापर्यंतचा, चुण्यांचा पुरुषी पोशाख. टार्टनबद्दल सगळ्यांत जास्त भीती आणि सगळ्यांत कमी नियम आहेत. बाल्मोरल टार्टन राजघराण्यापुरतं राखीव आहे. बाकी कोणी काय घालावं याचा कायदा नाही, फक्त रीत आहे. आपला क्लॅन ठरला नसेल तर ‘ब्लॅक वॉच’सारखं सर्वांचं टार्टन घाला.

क्लॅननिहाय टार्टन अनादी काळापासून चालत आलेली आहेत, हे कोणी सांगितलं तर हसून मान हलवावी. कलोडनच्या लढाईत हायलँडचे बंडखोर हरले, त्यानंतर 1746 च्या कायद्याने हायलँडच्या पुरुषांना हा पोशाख घालायला बंदी झाली. ती 1782 मध्ये उठली. पुढे 1815 मध्ये लंडनच्या हायलँड सोसायटीने चीफ मंडळींकडून त्यांच्या टार्टनचे नमुने मागवले, तेव्हा काही जणांना आपलं टार्टन कुठलं हेच माहीत नव्हतं. 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबऱ्याला आला आणि सगळ्यांना एकदम टार्टन हवं झालं. बॅनॉकबर्नच्या विल्सन विणकरांनी तोवर नमुन्यांना नंबर दिले होते, पुढे त्यातल्या कित्येकांना क्लॅनची नावं चिकटली. म्हणून कोणी त्याचं मोल कमी मानत नाही. आता सरकारी टार्टन रजिस्टर आहे, 2009 पासून, आणि त्यात शिखांचं टार्टनसुद्धा आहे.

दुकानात ‘एन्शंट’, ‘मॉडर्न’, ‘वेदर्ड’ असे शब्द कानावर पडतील. त्याचा नमुन्याच्या वयाशी संबंध नाही. तोच नमुना फिक्या, गडद किंवा मातकट रंगात, एवढाच फरक.

पहिल्या वर्षी किल्ट विकत घेऊ नका. पूर्ण लोकरी किल्टला सुमारे आठ यार्ड कापड लागतं, चुण्या हाताने शिवतात, आणि किंमत काही शे पौंडांत जाते. भाड्याने मिळतो. घालताना चुण्या मागे, सपाट भाग पुढे, मोकळी कड उजवीकडे. पट्टे कमरेला, नाभीच्या आसपास. पँटसारखा खाली बांधला की लगेच नवखा ओळखू येतो. कड गुडघ्याच्या मध्यावर यायला हवी. गुडघे टेकून बसून पाहा: कड जमिनीला जेमतेम टेकावी किंवा किंचित वर राहावी. किल्टपिन फक्त वरच्या पदराला लावायची. दोन्ही पदर मिळून टोचली तर पहिल्याच नाचात कापड फाटतं. मोज्यात खोचायचा छोटा सुरा, स्कीअन डू, हा राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून स्कॉटलंडमध्ये चालतो, पण विमानात हातातल्या बॅगेत तो विसरलात तर गेलाच.

बायकांना किल्टची सक्ती नाही. टार्टनची सॅश, म्हणजे खांद्यावरून घ्यायचा लांब पट्टा, पुरते. सर्वसाधारण सभासद बाईने ती उजव्या खांद्यावर घ्यायची रीत आहे, डावा खांदा चीफच्या पत्नीचा वगैरे. साडी नेसणाऱ्यांची यात छान सोय होते, कारण पदर डाव्या खांद्यावर आणि सॅश उजव्या. उजव्या खांद्यावर पिनने घट्ट बसवा, दोन्ही टोकं मोकळी सोडा, आणि पदराला मात्र चुण्या घालून पिन मारा, नाहीतर वाऱ्यात दोन्ही एकमेकांत गुंततात. काठापदराची भारी साडी आणि भडक टार्टन एकत्र आलं तर डोळ्यांना त्रास होतो. एका रंगाची साधी साडी घ्या.

पहिले गेम्स

हायलँड गेम्स, म्हणजे खेळ, संगीत आणि नाचाचे मेळावे, स्कॉटलंडमध्ये उन्हाळाभर चालतात. ब्रेमारचे सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी, राजघराण्याच्या हजेरीत. पण क्लॅनचे तंबू ओळीने लागलेले बघायचे तर उत्तर अमेरिकाच बरी: नॉर्थ कॅरोलायनातला ग्रँडफादर माउंटन, 1956 पासून, किंवा ऑन्टॅरियोत मॅक्सव्हिलचे ग्लेनगॅरी गेम्स, 1948 पासून.

सरळ तंबूत जा, टेबलावरच्या वहीत नाव लिहा आणि आडनावांचा कागद पुढे करा. तंबू सांभाळणारे सगळे हौशी स्वयंसेवक असतात आणि त्यांना असा कागद घेऊन येणारा माणूस मनापासून आवडतो. संचलनाला बोलावलं तर जा. झेंड्यामागे चालायचं, व्यासपीठासमोर आल्यावर सगळे मिळून ब्रीदवाक्य ओरडतात, ते आधी विचारून ठेवा. रात्री ‘केली’ असते, म्हणजे समूहनृत्य. पावलं सांगणारा माणूस समोर असतो. गरब्याची सवय असलेल्यांना ‘स्ट्रिप द विलो’ दोन फेऱ्यांत येतं.

शाकाहारी असाल तर हॅगिसला घाबरू नका. मूळ हॅगिस मेंढीच्या काळीज-फुप्फुसाचं असतं, पण स्कॉटलंडमध्ये शाकाहारी हॅगिस 1984 पासून बाजारात आहे आणि डाळी, ओट्स, मिऱ्यांमुळे आपल्या जिभेला रुचतं. कपडे मात्र पावसाचे न्या, जुलैत गेलात तरी. पश्चिम किनाऱ्यावर चिलटांसाठी मलमही.

बोलताना

ग्लेनकोचं नाव निघालं तर जपून. 13 फेब्रुवारी 1692 च्या पहाटे, मॅकडोनाल्डांच्या घरी पाहुणे म्हणून राहिलेल्या सैनिकांनी यजमानांनाच कापलं. त्या सैनिकांचा कॅप्टन कॅम्बेल क्लॅनचा होता. तिथल्या क्लॅकेग इनच्या दारावर आजही ‘फेरीवाले आणि कॅम्बेल यांना मज्जाव’ अशी पाटी आहे. थट्टा आहे, पण ती त्यांची त्यांनी करायची. एकोणिसाव्या शतकात मेंढ्यांसाठी कुळं हुसकावली गेली, त्यात कित्येक ठिकाणी हुसकावणारा चीफच होता. कॅनडातले जाणते सभासद हे लपवत नाहीत, विचारलंत तर मोकळेपणी बोलतात.

मॅकेंझींच्या तंबूत एखाद्या जुन्या पलटणीच्या बिल्ल्यावर हत्ती आणि ‘असई’ लिहिलेलं दिसलं तर ते आपलंच, जालना जिल्ह्यातलं असई. मॅकेंझींच्या चीफने 1793 मध्ये उभी केलेली 78 वी हायलँडर पलटण 23 सप्टेंबर 1803 ला तिथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेविरुद्ध लढली आणि हत्तीचं चिन्ह तिला त्याबद्दल मिळालं. तंबूतल्या आजोबांना आपली बाजू सांगा. शिंद्यांच्या तोफखान्याने त्या दिवशी किती नुकसान केलं, हे इंग्रजांचा सेनापती वेलस्लीनेही मान्य केलं होतं.

घराण्याचा तक्ता देताना

वर्षभरात सोसायटीचा वंशावळ पाहणारा तुमच्याकडे तक्ता मागेल. त्यात सासरच्या बाजूइतकीच आपली बाजूही नीट भरा. नाहीतर पन्नास वर्षांनी शोधणाऱ्याला ‘पत्नी, मूळची भारतातली’ एवढंच सापडेल. नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव, गाव, तालुका, जिल्हा, इंग्रजीत आणि कंसात देवनागरीत. आडनावाची स्पेलिंग पासपोर्टवर आहे तीच. प्रत्येक नोंदीपुढे कशावरून माहीत हे लिहा: दाखला, थडगं, की आजीने सांगितलं म्हणून. हयात माणसांच्या जन्मतारखा आणि पत्ते देऊ नका.